पटावर एकच मुलगी

दुर्ग स्टेशनवर माझ्या व्याह्यांनी, मेश्रामांनी, माझ्याआधी माझ्या सामानाचं स्वागत केलं. खिशातून कार्बन लावलेलं एक पॅड काढलं, फलाटावरच्या बाकावर टेकवलं आणि लिहायला घेतलं. बॅग एक. पिशव्या दोन. डबा एक. डब्यात काय आहे, म्हणून विचारलं. शेंगदाण्याची चटणी, असं मी सांगितलं.

"परत जाईन का इथंच राहीन?"

"चटणी?"

"हो. नोंद कराव लागते, विहीणबाई."

सांगलीहून गोंदिया आणि गोंदियाला गाडी बदलून दुर्ग, असा प्रवास करून माझ्या कमरेचा भुगा झाला होता. त्यात हा प्रश्न. चटणी राहील, बॅगा परत जातील आणि त्यांच्याबरोबर मीही जाईन, असं मी जरा फटकळपणेच सांगितलं. मेश्रामांनी तेही लिहून घेतलं आणि खालची प्रत फाडून माझ्या हातात दिली.

माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा पुण्यात नोकरी करतात. लग्न त्यांचं त्यांनीच ठरवलं. "या ना एकदा भिलाईला" आणि "येते ना" असं करत चार वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावर मला सबब उरली नाही. मेश्राम मूळचे भंडाऱ्याकडचे, सगळी नोकरी पोलादाच्या कारखान्यात. त्याला इथं कुणी कारखाना म्हणत नाही, नुसतं 'प्लांट' म्हणतात. प्लांटच्या फाटकातून साधा पाना बाहेर न्यायचा तरी गेटपास लागतो. गेटपास दोन तऱ्हेचे. रिटर्नेबल, म्हणजे वस्तू काम करून परत येणार. नॉन-रिटर्नेबल, म्हणजे गेली ती गेली. मेश्राम फोरमन होऊन निवृत्त झाले, पण गेटपास काही त्यांच्या हातातून सुटला नाही. शेजारच्यांनी शिडी मागितली तरी पास. विहीणबाई माहेरी जातात तेव्हा त्यांचाही रिटर्नेबल निघतो, असं त्यांनीच मला स्वयंपाकघरात सांगितलं.

भिलाई मला आवडली. रस्ते सरळ आणि रुंद, दोन्ही बाजूंना जुनी झाडं, आणि कुठूनही मान वर केली की प्लांटच्या चिमण्या. मेश्रामांचं घर हुडको वसाहतीत आहे, दारात जास्वंद आणि दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती. माझ्या विहीणबाई, सुलोचनाबाई, बोलायला कमी आणि वाढायला जास्त. सकाळी चीला (तांदळाच्या पिठाचं धिरडं) आणि टोमॅटोची झणझणीत चटणी आली. माझ्या शेंगदाण्याच्या चटणीला कुणी हात लावला नाही. मेश्राम म्हणाले, अजून तपासणी व्हायची आहे.

गुरुवारी सकाळी मी दुसऱ्या चील्यावर होते, तेव्हा भांडी घासायला केजाबाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी फुलेश्वरी, चौदा वर्षांची, तेल लावून घट्ट दोन वेण्या. पोरगी भांडी विसळत होती आणि आई आमच्याकडे पाठ करून डोळे पुसत होती.

"विहीणबाई, तुमी तर शाळेच्या हापिसातल्या," सुलोचनाबाई म्हणाल्या. "सांगा बरं हिले काय कराव ते."

मी हायस्कुलात बत्तीस वर्षं लेखनिक होते. खिडकीच्या आत बसून दाखले घेणं आणि दाखले देणं, हेच माझं आयुष्य. म्हणून मी ऐटीत ताट बाजूला सारलं आणि ऐकायला बसले.

प्रकरण असं होतं. अहिवाऱ्याच्या पलीकडे यांचं गोंदलीडीह नावाचं गाव होतं. चुनखडीच्या खाणीसाठी ते उठवलं. माणसं मिळेल तिकडे पांगली. केजाबाई नवऱ्यामागे एकट्या, त्या मुलीला घेऊन हुडकोमागच्या नाल्याकाठी झोपडीत आल्या. फुलेश्वरी गावच्या शाळेत आठवी पास झालेली. इथल्या शाळेत आठवीपर्यंत मूल कागदाशिवाय घेतात, पण नववीला टीसी (आपला शाळा सोडल्याचा दाखला) हवी. प्रवेशाची शेवटची तारीख शनिवार. केजाबाई दिवसभर पाच घरी कामाला असतात, आणि वयात आलेली पोर त्या नाल्याकाठी एकटी ठेवायची त्यांची हिंमत नव्हती. शाळा मिळाली तर दिवसाचे पाच-सहा तास ती चार बायकामाणसांच्या नजरेखाली राहील. नाही मिळाली तर सोमवारी नात्यातली एक बाई तिला रायपूरला नेणार होती, एका घरी बाळ सांभाळायला, तिथंच राहायचं.

"मग जुन्या शाळेतून टीसी आणा की," मी म्हणाले. बत्तीस वर्षांची सवय.

"दोनदा गेली," सुलोचनाबाई म्हणाल्या. "गुरुजी म्हणते, पुढच्या हप्त्यात या."

"गुरुजी आहेत? गाव नाही ना राहिलं?"

"गाव नाई. शाळाही नाई. गुरुजी हाय."

मी फुलेश्वरीकडे पाहिलं. तिनं विसळलेलं पातेलं उपडं ठेवलं आणि हळूच म्हणाली, "मोला पढ़ना हे." (मला शिकायचंय.) एवढंच बोलली आणि पुढचं पातेलं घेतलं. 

मेश्राम उठून आत गेले आणि पॅड घेऊन आले. "उद्या जाऊ," ते म्हणाले. "माह्या मायनं मले शाळेत टाकासाठी हेडमास्तरचे पाय धरले होते. मी तवा दारातच उभा होतो. उद्या जाऊ आपण."

शुक्रवारी आम्ही तिघं निघालो, मी, मेश्राम आणि फुलेश्वरी. केजाबाईंना कामं सोडून येता येत नव्हतं. बस लागलेली होतीच. मेश्राम आत्मविश्वासानं चढले, खिडकीची जागा धरली आणि मला ब्लास्ट फर्नेस म्हणजे काय ते समजावून सांगू लागले. मी मान डोलावत होते. ते लोखंडाच्या रसापर्यंत पोचले, तेव्हा बाहेर हायवेवर कारखान्यांच्या भिंती आणि मोटारसायकलींची रांग दिसली आणि कंडक्टर ओरडला, "कुम्हारी, कुम्हारी." कुम्हारी रायपूरच्या वाटेवर आहे. अहिवारा बरोबर उलट्या अंगाला.

"तुला माहीत नव्हतं का गं?" मी फुलेश्वरीला विचारलं.

तिला माहीत होतं. बस चुकली हे तिला चढतानाच कळलं होतं. मग बोलली का नाही?

"बड़े मन गोठियावत रिहिन," ती खाली बघत म्हणाली. (मोठी माणसं बोलत होती.)

मला आधी राग आला, मग स्वतःचीच लाज वाटली. टपरीवर उभ्याउभ्या चहा प्यायलो आणि उलट्या बसनं भिलाईला परत आलो. दोन तास पाण्यात गेले. मेश्रामांच्या मते याला 'ट्रायल रन' म्हणायचं.

अहिवाऱ्याहून रिक्षा केली. पुढे झाडांची पानंसुद्धा पांढरी होती, सगळ्यांवर चुन्याची भुकटी. रिक्षावाल्यानं एका उताराशी सोडलं आणि इथून पुढे गाव नाही, म्हणून सांगितलं. चढून वर गेलो. समोर जमीन संपली होती. खाली खोल खड्डा, त्याच्या तळाशी हिरवं पाणी, आणि लांब कुठेतरी ट्रकचा आवाज. "इथं आमचं घर होतं," असं दाखवायला फुलेश्वरीनं हात वर केला, आणि तो नुसत्या हवेकडे गेला.

खाणीच्या कडेला एक मोहाचं झाड तेवढं शिल्लक होतं. झाडाखाली टेबल, खुर्ची आणि ताडपत्री घातलेलं लोखंडी कपाट. फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला, घंटेसाठी. बुंध्याला शाळेची पाटी टेकवून ठेवलेली. आणि खुर्चीत इस्त्रीचा शर्ट घातलेले एक गृहस्थ काहीतरी लिहीत बसले होते. आम्ही जवळ गेलो तसा त्यांनी हात वर केला.

"जूते बाहर," ते म्हणाले.

बाहेर म्हणजे कुठे, ते मला कळेना. मग खाली पाहिलं, तर जमिनीवर चुन्यानं चौकोन आखला होता. भिंती होत्या तिथं रेघ, दार होतं तिथं रेघ तुटलेली. मेश्रामांनी विनातक्रार बूट काढले आणि दारातून आत गेले. मी वैतागून रेघेवरूनच पाय टाकला. गुरुजींच्या चेहऱ्यावर असा भाव आला की मी मागे फिरले, चपला काढल्या आणि दारातून आत आले.

फुलेश्वरी आत शिरताच गुरुजींचा चेहरा उजळला. त्यांनी हजेरीपट उघडला. "फुलेश्वरी."

"हव, गुरुजी."

त्यांनी खूण केली आणि तिला उशिरा आल्याबद्दल दोन शब्द सुनावले. मी वाकून पाहिलं. हजेरीपटावर एकच नाव उरलं होतं. बाकी सगळ्या नावांवर लाल रेघ. म्हणजे पोरं इथून टीसी घेऊन गेली, एकेक करून. केजाबाईंना गाव सोडताना असं काही मागायचं असतं हेच माहीत नव्हतं, त्यामुळे ही एक राहून गेली होती.

मी टीसीचा अर्ज पुढे केला. गुरुजींनी घड्याळ पाहिलं. अर्ज पहिल्या तासाला स्वीकारतात, आता शेवटचा तास चालू आहे, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. सोमवारी या.

माझं डोकं फिरलं. "कुठला तास?" मी हिंदी-मराठीची मोळी बांधून विचारलं. "कुणाचा तास? समोर कोण बसलंय? भिंत नाही, फळा नाही, आणि ही पोरगी सोमवारी रायपूरला दुसऱ्याचं मूल खेळवायला जाणार. तुम्ही काय राखण करताय इथं?"

 गुरुजींनी टेबलावरची धूळ फडक्यानं पुसली, पुन्हा पुसली, आणि मग सगळं सांगून टाकलं. शाळा पाडली, पण ती बंद करण्याचा हुकूम आलेला नव्हता. हुकूम नाही तोवर त्यांची नेमणूक इथंच. ते रोज दहाला येतात, चारला घंटा देतात. पटावर एक जरी मूल असेल तरी शाळा चालू धरतात. फुलेश्वरीचं नाव कमी झालं की पटसंख्या शून्य, आणि मग त्यांची बदली पार दक्षिणेच्या जंगलात. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि अहिवाऱ्याच्या घरी त्यांची आई अंथरुणाला खिळलेली. "मैं बुरा आदमी नहीं हूँ," ते म्हणाले. ते वाईट नव्हतेच. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांना गदागदा हलवावंसंही वाटलं.

"आणि दुसरी गोष्ट," गुरुजी म्हणाले. उद्या कुणी विचारलं की तुमची शेवटची मुलगी कुठे गेली, तर ते काय दाखवणार? गाव नाही, पंचायत नाही, साक्षीदार नाही. मुलगी कुणाच्या ताब्यात दिली याचा काही कागद नको?

मेश्राम याच प्रश्नाची आयुष्यभर वाट पाहत असावेत. त्यांनी पॅड टेबलावर ठेवलं, कार्बन सरळ केला आणि लिहू लागले. तपशील: विद्यार्थिनी, नग एक. स्थिती: चांगली. कुठून: गोंदलीडीह शाळा. कुठे: भिलाई. नेणाऱ्याचं नाव, पत्ता, सही. लिहिता लिहिता थांबले आणि गुरुजींकडे पाहिलं.

"रिटर्नेबल करू का नॉन-रिटर्नेबल?"

गुरुजींच्या डोळ्यांत आशा चमकली. रिटर्नेबल केलं तर? मुलगी शिकायला तिकडे, नाव इकडे. मेश्राम विचारात पडले. प्लांटमध्ये असं चालतं म्हणे, एका खात्याची मोटर दुसऱ्या खात्यात वर्षानुवर्षं फिरते आणि नोंद पहिल्याच खात्यात राहते. दोघंही माना डोलवू लागले. मला बोलायचं होतं, पण त्याआधीच फुलेश्वरी उभी राहिली.

"नॉन-रिटर्नेबल," ती म्हणाली. "मैं लहुट के नइ आवँव, गुरुजी." (मी परत येणार नाही.)

सकाळी बस चुकली तरी तोंड न उघडणारी ती पोर.  मेश्रामांनी खूण केली, प्रत फाडली आणि गुरुजींना दिली. गुरुजींनी ती दोनदा वाचली, नीट घडी घातली आणि फायलीला लावली. मग कपाट उघडून दाखिल-खारिज (मुलांची नावं दाखल आणि कमी करायचं बुक) काढलं आणि टीसीचं छापील पुस्तक.

टीसीवर एक रकाना असतो, शाळा सोडण्याचं कारण. तिथं त्यांचं पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हा रकाना हजारो वेळा भरला होता, दर वेळी 'पालकांच्या विनंतीवरून', न विचारता.

"नवमी पढ़े बर," फुलेश्वरीनं सांगितलं. (नववी शिकण्यासाठी.)

गुरुजींनी तेच लिहिलं. शिक्का मारला, फुंकर घातली. हजेरीपटावरच्या तिच्या नावावर लाल रेघ ओढताना पट्टी घेतली, रेघ वाकडी जाऊ नये म्हणून. एकूण पटसंख्येच्या खाली शून्य लिहिलं. चार वाजले होते. त्यांनी रुळावर घंटा दिली आणि आम्ही चौघंही दारातून बाहेर पडलो.

शनिवारी सकाळी हुडकोजवळच्या शाळेच्या खिडकीशी मी, केजाबाई आणि फुलेश्वरी. मेश्राम फाटकाशी थांबले, त्यांच्याकडे आत यायचा पास नव्हता. खिडकीत माझ्याच वयाची एक बाई. चष्मा नाकावर, पेन केसांत. मी स्वतःलाच पाहत असल्यासारखं वाटलं. तिनं टीसी उलटसुलट केली, एक यादी काढली आणि बोट ठेवलं.

"ये स्कूल तो बंद है. बंद स्कूल की टीसी नहीं चलेगी."

शाळा बंद करायचा हुकूम गुरुजींपर्यंत पोचला नव्हता, पण तिच्या यादीत ती आधीच बंद झाली होती. मी समजावलं. चढ्या आवाजात समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "नियम मैंने नहीं बनाया, बहनजी."

 हे वाक्य माझं होतं. 'नियम मी केला नाही, बाई.' दिवसातून चार वेळा मी ते म्हणत असे, आणि त्यानंतर खिडकीपलीकडे काय होतं ते कधी पाहिलं नव्हतं. आता मी खिडकीपलीकडे होते. केजाबाईंनी पदर तोंडाला लावला. फुलेश्वरी टीसीकडे बघत होती, डोळ्याची पापणी न लववता.

मग मी विचार केला, त्या खुर्चीत मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची? रडण्याची नाही, भांडणाची नाही. साहेबांच्या ओळखीचीही नाही. मी एक कोरा कागद खिडकीतून आत सरकवला.

"लिखकर दीजिए," मी म्हणाले. "प्रवेश नाकारला, या नियमानुसार. नियमाचा नंबर, खाली सही, सहीखाली पूर्ण नाव."

तोंडानं नाही म्हणायला काही लागत नाही. लेखी नाही म्हणायचं तर नियम शोधावा लागतो, आणि पुष्कळदा तो नसतोच. बाईंनी कागदाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. केसांतलं पेन काढलं आणि परत खोवलं. मी खुर्ची ओढून खिडकीसमोर बसले. दहा मिनिटं अशीच गेली. मग तिनं प्रवेशाचं बुक उघडलं.

"नाम?"

मी आणि केजाबाई एकदमच बोलायला गेलो. "फुलेश्वरी," फुलेश्वरी म्हणाली, आणि अक्षर न् अक्षर उमटेपर्यंत ती त्या पेनाकडे बघत राहिली. बाहेर येऊन केजाबाईंनी रायपूरच्या नातेवाईक बाईला फोन लावला आणि येऊ नको म्हणून सांगितलं.  मला तिथंच रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

रविवारी मी परत निघाले. मेश्रामांनी माझ्या पिशव्या पासाशी ताडून पाहिल्या. विहीणबाईंनी बळेच दिलेल्या चार पायल्या तांदळाची त्यांनी वेगळी नोंद केली. आठवड्यानं त्यांचा फोन आला. गोंदलीडीहच्या शाळेची पटसंख्या शून्य झाल्याचं गुरुजींनी इमानदारीनं कळवलं. वरून उत्तर आलं की शाळा रीतसर बंद करायची तर आधी इमारतीच्या किल्ल्या जमा करा. इमारत नाही, त्यामुळे किल्ल्या नाहीत, त्यामुळे शाळा बंद होत नाही. गुरुजी अजून रोज दहाला जाऊन बसतात. फुलेश्वरी शाळेत जाते आहे, गणित जड जातंय, आणि मेश्राम तिला संध्याकाळी शिकवून राहिले आहेत.

मी हे सगळं हसत हसत शेजारणींना सांगितलं. त्याही हसल्या. त्या गेल्यावर मी एकटीच बसून राहिले, आणि एक मुलगी डोळ्यांपुढून हलेना. आमच्याकडे कारखान्याला ऊस तोडायला बाहेरगावची कुटुंबं येतात, पालं ठोकून राहतात, पट्टा पडला (हंगाम संपला) की जातात. एका वर्षी त्यांच्यातली अशीच तेरा-चौदा वर्षांची मुलगी माझ्या खिडकीशी आली होती, एकटी, कडेवर भाऊ. तिला आठवीत बसायचं होतं. आठवीपर्यंत कागद लागत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण जेवणाची सुट्टी व्हायला आली होती. दाखला घेऊन ये, मी म्हणाले. ती बरं म्हणाली आणि गेली. मी तिला शोधायचं म्हटलं तरी शोधू शकत नाही. आमच्याकडे नाव विचारतात ते प्रवेश देताना, आणि मी तिला त्याच्या आधीच परत पाठवलं होतं.